शेठचा अंदाज आणि सहा खाने

आमचा टॉवेलचा कारखाना सोलापुरात, अक्कलकोट रोड एमआयडीसीत, मी तिथं एचआर, म्हणजे पगारापासून पाण्याच्या टँकरपर्यंत सगळंच बघतो. मागच्या महिन्यात सुपरवायझरसाठी इंटरव्ह्यू होते. पहिला आला तो बार्शीचा, शेठच्याच गावचा, कडक इस्त्री, बोलायला गोड, चहा यायच्या आत शेठनी मला खुणेनंच सांगितलं, फिक्स कर.

मी म्हटलं शेठ, कागद तरी भरू. कागदाची आयडिया डॅनियल कानेमनची. पुढं 2002 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं तोच, पण ही गोष्ट 1955 ची, तेव्हा तो इस्रायलच्या सैन्यात जवान निवडायच्या मुलाखती नव्यानं बसवत होता. त्यानं सहा गुण ठरवले, प्रत्येकाचे प्रश्न वेगळे, मार्क वेगळे. मुलाखत घेणारे भडकले, आम्हाला काय मशीन समजता का, मग त्यानं सूट दिली की सगळे खाने भरून झाले की डोळे मिटा आणि मनाचा एक मार्क द्या. गंमत म्हणजे तो मनाचा मार्कसुद्धा बेरजेइतकाच बरोबर निघाला! जुन्या पद्धतीत नुसत्या गप्पा मारून बांधलेला अंदाज मात्र जवळपास बिनकामाचा.

शेठ वैतागले, "आपला मास्तर कुठं कागद भरतो बे?"

मुद्दा बिनतोड होता. मास्तर म्हणजे आमचा जुना जॉबर, लूम म्हणजे माग दुरुस्त करणारा, शेडमधल्या त्या खडखडाटात नुसत्या आवाजावरनं कुठला लूम बिघडणार ते सांगतो आणि विचारलं कसं कळलं तर त्यालाच सांगता येत नाही. पण मास्तर चुकला तर लगेच टॉवेलवर दिसतं आणि असं रोज दिसत दिसतच त्याचा कान तयार झालाय. शेठना कोण दाखवणार? घेतलेला माणूस कसा आहे ते सहा महिन्यांनी कळतं, आणि ज्याला परत पाठवला तो कसा निघाला असता ते तर कधीच कळत नाही. (शेठना हे जरा हळू आवाजात सांगितलं.)

दुसरा विडी घरकुलातनं, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतनं आलेला, अडखळत बोलणारा. पण रात्रपाळीला दोन कामगार आलेच नाहीत तर काय करतोस विचारल्यावर त्यानं कुठले लूम बंद ठेवतो, कुणाला कुठं हलवतो, सगळं नीट सांगितलं. बेरीज पहिल्याची 15, ह्याची 24.

शेठ डोळे मिटून इतका वेळ बसले की मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "दुसरा घे. पण पहिल्याचा नंबर ठेव."

तो जॉईन झालाय. तीन महिन्यांनी जुने मार्क न बघता तसाच कोरा कागद परत भरायचा ठरलंय, म्हणून मी जुना कागद कपाटात कुलपात ठेवलाय, आणि शेठ आत्ताच दोनदा किल्ली मागून गेलेत.