सावलीतला निळा

शनिवार, रात्र

घळईतले फोटो आज कॉम्प्युटरवर उतरवले. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली, प्रक्रिया न झालेली मूळ फाइल, पहिल्यांदा उघडली की मलूलच दिसते. रंग दबलेले, काळाही पुरता काळा नाही. पण जेपेगमध्ये, म्हणजे फोटोच्या नेहमीच्या फाइलमध्ये, प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या मिळतात, तिथे १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४ असतात. त्या मलूल चित्रात काय काय दडलंय हे ठाऊक असतं, म्हणून ते बघताना उत्सुकताच जास्त वाटते.

सगळी संध्याकाळ एकाच फ्रेमपाशी गेली. घळई जिथे झपकन वळते आणि दोन्ही भिंती हात पसरले तर लागतील इतक्या जवळ येतात, तिथली ती फ्रेम. डावी भिंत वरून उन्हात तापलेली. उजवीवर थेट ऊन नाहीच, ती डावीवरून उसळलेल्या उजेडात केशरी झालेली. आणि तळाची वाळू निळसर, कारण तिथवर पोहोचतो तो फक्त वरच्या आकाशाच्या पट्टीचा प्रकाश. एकाच चौकटीत तीन रंगांचा उजेड, आणि व्हाइट बॅलन्सला, म्हणजे कुठल्या रंगाचा उजेड पांढरा धरायचा या सेटिंगला, सांगायचा आकडा मात्र एकच!

ऑटोवर ठेवून पाहिलं. इतकं केशरी दिसल्यावर सॉफ्टवेअरला तो दोषच वाटतो. त्याने भिंत फिक्या मातकट रंगाची करून टाकली. मग ५,५०० केल्विनवर, म्हणजे भर दिवसाच्या उन्हाच्या आकड्यावर आणलं आणि तिथेच थांबले. सावलीतला निळा राहू दिला. बरेच जण मास्क लावून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, तो निळा काढून टाकतात, वाळू वाळूच्या रंगाची दिसावी म्हणून. मला ते पटत नाही. तो निळा म्हणजे त्या अरुंद फटीतून खाली उतरलेलं आकाश आहे. फ्रेममध्ये आकाश कुठेच नाही, मी मुद्दामच टाळलं होतं. त्याची खूण एवढीच.

केशरी रंगाचंही तसंच. रुंद दरीत भर दुपारचं ऊन नकोसं असतं, सगळं सपाट होतं, म्हणून तिथे लोक पहाटे नाहीतर सूर्य कलल्यावर जातात. अरुंद घळईत उलटं. सूर्य डोक्यावर आला तरच ऊन भिंतीच्या वरच्या कडेला लागतं आणि एका भिंतीवरून दुसरीवर आपटत खाली येतं. वालुकाश्मातल्या लोहाच्या ऑक्साइडमुळे दगड लाल, आणि असा दगड निळा-हिरवा प्रकाश शोषून घेतो. दर आपटीला उजेड आणखी तांबूस होत जातो. उन्हाच्या कडेजवळ पिवळा, मध्ये केशरी, खाली कुठेतरी जांभळ्याकडे झुकलेला. सॅच्युरेशनचा, म्हणजे रंग भडक करायचा स्लायडर मी हलवलासुद्धा नाही. तिथे उभी असताना हे सगळं दिसत होतं. लोकांना ते बनावट वाटेल या भीतीने रंग कमी करणं हाही खोटेपणाच.

खरा प्रश्न अंधाराचा होता. मी ट्रायपॉडवर ब्रॅकेटिंग केलं होतं, म्हणजे एकच फ्रेम कमी-जास्त उजेडाच्या तीन एक्स्पोजरमध्ये टिपली होती: दोन स्टॉप कमी, मधलं, दोन स्टॉप जास्त (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). तिन्ही जोडून पाहिली. कपारीतला खडा न् खडा दिसू लागला आणि घळई उथळ झाली. खरंच उथळ, जणू कुणी वरचं छप्पर काढून घेतलं. तिन्ही एक्स्पोजर उत्तम असताना हे का होतं, यावर बराच वेळ विचार केला. डोळा तरी दोन्ही एकदम कुठे पाहतो? उन्हाच्या भिंतीकडे बघताना कपार काळी असते; कपारीत बघत राहिलं की डोळ्यातली बाहुली मोठी होते, हळूहळू आतलं उलगडतं. अंधाराला डोळा पुरता सरावायला अर्धा तास लागू शकतो. फोटोत हा वेळ नसतो. म्हणून काय आधी दिसावं, काय उशिरा, काय दिसूच नये हे उजेडाच्या पातळीनेच सांगावं लागतं.

इथे अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांची झोन सिस्टिम अजूनही कामाला येते. त्यांनी आणि फ्रेड आर्चर यांनी १९४०च्या आसपास ती मांडली: पूर्ण काळ्यापासून पूर्ण पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा असे अकरा झोन. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर सगळं मधल्या करड्याकडे, पाचव्या झोनकडे ओढतो. घळईसारख्या अंधाऱ्या जागी त्याचं ऐकलं तर तिची खोली उडते. मी एकच, मधलं एक्स्पोजर निवडलं. तळाची वाळू तिसऱ्या झोनमध्ये ठेवली, पोत दिसेल इतकीच. कपार दुसऱ्यात. तिच्या तोंडाशी थोडा भाग निखळ काळा आहे, तो तसाच.

छायाचित्रकार टिमथी ओसलिव्हन यांनी १८७३ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या कॅन्यन द शे या दरीत काढलेले फोटो आठवले. त्या काळी फिल्मच्या जागी वापरल्या जाणाऱ्या ओल्या कोलोडियन काचांना लाल रंग जवळपास दिसतच नसे आणि निळा मात्र भरपूर. त्यामुळे कातळ गडद, आकाश कोरं. तरीही त्या कड्यांची उंची आजही अंगावर येते. सगळा तपशील हाती असणं आणि जागा हाती लागणं वेगळं, हे तिथे फार स्पष्ट कळतं.

आणखी एक फ्रेम ठेवली आहे, रंगांसाठी नाही. डोक्याच्या बरीच वर, दोन भिंतींमध्ये एक ओंडका आडवा अडकलाय. तो पुराने तिथे नेऊन ठेवलेला. ऑगस्ट १९९७ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या अ‍ॅन्टेलोप घळईत ११ पर्यटक असेच पुरात वाहून गेले. वादळ वरच्या अंगाला दूर कोसळलं होतं, घळईवर पाऊस जेमतेम होता. ओंडका फ्रेमच्या वरच्या काठाशी आणि खाली चालणारा सोबती, एवढंच घेतलं. टेलिफोटोने जवळून घेतलेला ओंडका दिसायला जास्त देखणा आहे, पण त्यात पाणी किती वर चढलं होतं ते कळत नाही. तो बाद.

आता छपाई. स्क्रीन स्वतः उजळते, कागद उजळत नाही, आणि मॅट कागदावर तर गडद छटा एकमेकींत मिसळून जातात. दुसऱ्या झोनमधली कपार तिथे नुसता काळा डाग होईल, आणि ते मला चालणार नाही. छपाईच्या प्रतीसाठी फक्त तेवढा भाग सॉफ्टवेअरमधल्या उजेडाच्या वक्ररेषेने (कर्व्हने) किंचित उजळायचा, निळ्याला हात न लावता. उद्या वाळू आणि कपार दोन्ही येतील अशी अरुंद पट्टी वेगवेगळ्या पातळ्यांवर छापून दिवसाच्या उजेडात बघेन.