बहात्तर तासांचा नियम आणि आईचं ऑपरेशन

जुलै २०२०. आई ७१ वर्षांची. स्वयंपाकघरात परातीकडे बोट दाखवून म्हणाली, "ते दे गं... ते, कणकेचं." दोन दिवसांनी 'चमचा' शब्दही गेला. कराडला एमआरआय केला, तर मेंदूत डाव्या बाजूला गाठ आणि भोवती सूज. डॉक्टरांनी सुजेसाठी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि झटके येऊ नयेत म्हणून लेव्हेटिरासेटाम सुरू केलं, पुण्याला चिठ्ठी दिली. एमआरआय आणि चिठ्ठी जोडल्यामुळे ई-पास, म्हणजे तेव्हा जिल्ह्याबाहेर जायला लागणारा ऑनलाइन परवाना, एका दिवसात मिळाला. पुण्यात तेव्हा दहा दिवसांचा कडक लॉकडाऊन लागलेला, तरी नाक्यावर कुणी अडवलं नाही.

अडलो ते हॉस्पिटलच्या ॲडमिशन काउंटरवर. तेव्हा ऑपरेशनआधी ७२ तासांच्या आतला करोनाचा निगेटिव्ह आरटीपीसीआर रिपोर्ट लागायचा. नियमावर माझा राग नव्हता, आजही नाही. भूल देताना घशात नळी घालतात तेव्हा समोरच्या डॉक्टर-नर्सना धोका असतो, आणि अंगात करोना असताना मोठी शस्त्रक्रिया झाली तर पेशंटच्या फुफ्फुसांवर बेततं. पण हे ७२ तास स्वॅब घेतल्यापासून मोजायचे, आणि बाहेरच्या लॅबला रिपोर्ट द्यायलाच तीन दिवस लागत होते! सोमवारी सकाळी दहाला स्वॅब, गुरुवारी दुपारी एकला रिपोर्ट. "मॅडम, मुदत संपली. नवीन आणा." शुक्रवारी पुन्हा स्वॅब. रविवारी रिपोर्ट आला, पण त्यावर वय ७१ ऐवजी १७. दुरुस्त कागद हातात पडला मंगळवारी, आणि पुन्हा तेच उत्तर.

हे नऊ दिवस आम्ही मावसभावाच्या घरी काढले. फोनवर स्टेरॉइडचा डोस वाढवून घेतला, त्याने साखर तीनशेपार गेली. आई रात्र रात्र जागी. मला ती मावशीच्या नावाने हाक मारायला लागली होती.

मंगळवारी संध्याकाळी मी काउंटरपाशी रडत उभी असताना एका रेसिडेंट डॉक्टरांनी कागद पाहिले आणि म्हणाले, "यांना करोना-संशयित वॉर्डात वेगळ्या खोलीत घेऊ, स्वॅब आत पाठवतो. आपल्या लॅबचा रिपोर्ट सकाळी येतो." तशीच सोय होती. पहिल्या सोमवारीही होती. नऊ दिवसांत एकाही माणसाने सांगितलं नाही. म्हणून कुणावर अशी वेळ आली तर पहिला प्रश्न हाच विचारा: दाखल करून तुमच्याकडेच तपासणी होते का? काउंटरवर नाही, थेट सर्जनच्या टीमला विचारा.

ऑपरेशन गुरुवारी झालं. गाठ ग्लिओब्लास्टोमा, म्हणजे मेंदूचा वेगाने वाढणारा कॅन्सर निघाली. रेडिएशनला तीसऐवजी पंधराच बैठका दिल्या. वयस्कर पेशंटना हा छोटा कोर्स करोनाआधीपासूनच देत, आणि त्यामुळे हॉस्पिटलच्या फेऱ्याही निम्म्या झाल्या. चेहऱ्यावर जाळीचा साचा घट्ट बसवताना आईचा मास्क काढावा लागे, म्हणून आम्ही सकाळची पहिली वेळ मागून घेतली. तेव्हा खोली नुकतीच पुसलेली असे आणि बाहेर गर्दी नसे. तुम्हीही मागा, देतात.

टेमोझोलोमाइड या केमोथेरपीच्या कॅप्सूल चालू असताना रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, म्हणजे जंतुसंसर्गाशी लढायची ताकद कमी होते. रक्ततपासणी आम्ही दर आठवड्याला घरीच माणूस बोलावून केली. ताप आला तर घरी करोना समजून वाट बघत बसू नका, त्याच तासाला डॉक्टरांना फोन करा. स्टेरॉइड मनाने एकदम बंद करू नका.

आधी लिहायला हवं होतं ते आता आठवलं: स्वॅब देतानाच पावतीवरचं नाव, वय आणि वेळ मोठ्याने वाचून घ्या, आणि पावतीचा फोटो काढा.

आई त्यानंतर चौदा महिने होती. ऑपरेशननंतर 'परात' परत आली, 'चमचा'ही आला. माझं नाव मात्र ती शेवटपर्यंत थांबून, आठवून घ्यायची. ते त्या नऊ दिवसांत गेलं की जाणारच होतं, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही.