वाड्याचं सेवा केंद्र करायचंय? आधी अंदाजपत्रक बघा

1879 मध्ये पुण्याच्या विश्रामबागवाड्याचा पूर्वेकडचा भाग आगीत गेला. लोकवर्गणी आणि नगरपालिकेचा पैसा घालून तो परत उभा राहिला, पुढे बरीच वर्षं पालिकेचा कारभारही तिथून चालला. जुन्या वास्तूला सार्वजनिक पैशातून कामाला लावणं आपल्याकडे नवं नाही. घोडं अडतं ते अंदाजपत्रकात.

वाड्यात खाली नागरी सुविधा केंद्र, मागच्या सोप्यात ज्येष्ठांचं विरंगुळा केंद्र, वर अभ्यासिका असं ठरतं. मग एकच अंदाजपत्रक, एकच निविदा, आणि दर उचलले जातात दरसूचीतून, म्हणजे सरकारी ठरलेल्या दरांच्या यादीतून. तिथे हाताशी असतो सिमेंटचा गिलावा. चुन्यात बांधलेल्या भिंतीवर तो चढला की ओलीला बाहेर पडायला वाट उरत नाही. ती वर चढते, गिलाव्यामागे लोणा (क्षारांचा पांढरा थर) धरतो, आणि तुळईचं भिंतीत गेलेलं टोक आतल्या आत सडत जातं. बाहेरून रंग छान दिसत असतो.

म्हणून चुन्याच्या प्रत्येक बाबीचं दर पृथक्करण (साहित्य आणि मजुरी धरून दर कसा आला याचा हिशोब) वेगळं करून तांत्रिक मंजुरीला जोडा. जुन्या दरजेतला तुकडा काढून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकला की चुना विरघळतो आणि खाली वाळू आणि सुरखी (विटांची भुकटी) उरते. ती वाळवून तोलली की जुनं प्रमाण साधारण कळतं. सरसकट 1:3 (एक भाग चुना, तीन भाग वाळू) लिहिण्यापेक्षा हे बरं.

काम टप्प्यांत घ्या: आधी मोजणी आणि नकाशे, मग छप्पर, मग लाकूड आणि भिंती, शेवटी वीज, स्वच्छतागृह, फर्निचर. पण प्रशासकीय मान्यता पूर्ण प्रकल्पाची एकदाच घ्यायची. ती तुकड्यातुकड्यांनी घेतली, तर निविदेची मर्यादा चुकवायला काम फोडलं असा लेखापरीक्षणात आक्षेप येतो आणि फाइल बसून राहते. जागेची मालकीही याच वेळी तपासा. मालमत्ता पत्रकावर अजून वारसांची नावं असतील, तर पुढचं सगळं व्यर्थ.

मोजणी करताना खांबाचं बूड आधी बघा. तळखड्यालगत, म्हणजे खांबाखालच्या दगडाजवळ, हातोडीने ठोकलं की निरोगी सागवान टणटण वाजतं, पोखरलेलं भद्द. पातळ पेचकस टोचून किती आत जातो ते नकाशावरच लिहून ठेवा. वाईट भाग तेवढाच कापून जुन्याच सागाचा सांधा देता येतो, अख्खा खांब बदलायची घाई कंत्राटदाराला असते.

मग वजन. भारतीय मानकाप्रमाणे राहत्या घराच्या मजल्यावर चौरस मीटरला साधारण 200 किलो भार धरतात. हलत्या खुर्च्यांच्या सभागृहासाठी हाच आकडा 500 आहे. पुस्तकांची कपाटं तर आणखी जड. कडीपाटाचा (लाकडी तुळया आणि फळ्यांचा) वरचा मजला घरासाठी बांधलेला असतो. सभागृह आणि अभ्यासिका जमिनीवर आणा, वर कमी वर्दळीचं कार्यालय द्या, तेही तुळया तपासून.

सगळ्यात जास्त भांडण चुन्याच्या वेळापत्रकावरून होतं. कळीचा चुना विझवून निदान तीन आठवडे भिजत ठेवायचा, गिलाव्याचे थर पातळ द्यायचे, ओलं गोणपाट लावून सावकाश सुकू द्यायचं. पालिकेच्या अंदाजपत्रकातली तरतूद मात्र 31 मार्चला संपते. कार्यारंभ आदेश जानेवारीत निघाला की चुन्यात गुपचूप सिमेंट पडतं. रंग राखाडीकडे झुकला की समजावं. उपाय साधा आहे: चुना विझवणं ही निविदेत स्वतंत्र, मोजमाप पुस्तिकेत नोंदता येणारी बाब करा आणि ऑक्टोबरमध्येच हौद भरून घ्या. पाऊस उघडल्यावर हाताशी येणारे महिने वाया घालवू नयेत.

स्वच्छतागृह जुन्या भिंतीला टेकवू नका, मागच्या अंगणात सुटं बांधा. केंद्र सरकारने संरक्षित केलेल्या स्मारकापासून 100 मीटरच्या आत मात्र नवं बांधकामच चालत नाही, दुरुस्तीलाही परवानगी लागते. पुढचे 200 मीटर नियंत्रित क्षेत्र. शनिवारवाड्याच्या आसपासच्या वाड्यांना हे लागू आहे, आणि अनेकांना ते निविदा निघाल्यावर आठवतं. चाकाच्या खुर्चीसाठीच्या उताराचंही (रॅम्पचं) आधीच मोजा: 1:12 ने 60 सेंटीमीटरच्या जोत्याला 7.2 मीटर लांबी लागते, शिवाय दोन्ही टोकांना सपाट जागा. दिंडी दरवाज्यासमोर एवढी जागा क्वचितच असते, मग बाजूचं दार शोधावं लागतं.

एवढं करूनही एक गोष्ट राहते. निधी मिळतो तो भांडवली, म्हणजे एकदाच्या बांधकामासाठी. वीजबिल, पहारेकरी, मे महिन्यात कौलं चाळणं आणि पन्हळी साफ करणं हा खर्च महसुली, म्हणजे दरवर्षीचा चालू असतो, आणि प्रस्तावात त्याचा उल्लेखही नसतो. अंदाजपत्रकात ‘किरकोळ दुरुस्ती’ या शीर्षाखाली टाकला, तर तो खुर्च्यांत आणि रंगात जातो. शीर्षाचं नावच ‘छप्पर’ ठेवा.