मुलगा पार्क, आई चोई

रांजणगाव एमआयडीसीतल्या एका कोरियन कारखान्यात मी दुभाषी आहे. लोकांना वाटतं, मीटिंगमध्ये बोलायचं काम. प्रत्यक्षात निम्मा वेळ कारखान्याबाहेर जातो: घरमालक, एफआरआरओ म्हणजे परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयाचे कागद, शाळा, दवाखाने. त्यातलं एक प्रकरण अजून डोक्यातून जात नाही. आडनावं बदलून सांगते.

आमच्या एका मॅनेजरच्या नऊ वर्षांच्या मुलाला रात्री पोटात दुखतं म्हणून नगर रोडवरच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. अपेंडिक्स निघालं, ऑपरेशन लगेच करायचं. वडील कोरियाच्या विमानात, फोन बंद. काउंटरवरच्या माणसाने मायलेकरांचे पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवले आणि संमतीपत्र परत घेतलं. मुलगा पार्क, बाई चोई. "या आई कशावरून?"

कोरियात लग्नानंतर बाईचं आडनाव बदलत नाही आणि मुलांना बहुधा वडिलांचं लागतं. म्हणजे घरात आईच तेवढी वेगळ्या आडनावाची, आणि हे तिथं घरोघरी. मी हे सांगितलं तर उत्तर आलं, "जपानी पेशंट येतात की आमच्याकडे. त्यांचं एकच असतं." असणारच, नवराबायकोचं आडनाव एकच हवं असा जपानचा कायदा आहे. कोरिया म्हणजे जपान नव्हे, एवढं तरी परदेशी पेशंटांसाठी वेगळी खिडकी थाटणाऱ्यांना ठाऊक हवं.

तोवर संगणकाने मुलाच्या नावाचे दोन तुकडे केले होते. त्याचं नाव दोन अक्षरी, मध्ये डॅश. सॉफ्टवेअर डॅश घेत नाही, म्हणून पहिलं अक्षर 'नाव' या रकान्यात गेलं आणि दुसरं 'वडिलांचे नाव' मध्ये. मनगटावरच्या पट्टीवर तेच छापलं गेलं. विम्याच्या कार्डावर नाव सलग, त्यामुळे कॅशलेसची मंजुरी अडकली. किम, ली आणि पार्क या तीनच आडनावांत कोरियातली जवळपास ४५ टक्के माणसं येतात. नुसत्या आडनावावर तिथं माणूस ओळखता येत नाही, आणि इथं तर नावच मोडून ठेवलेलं. पट्टी बदलून घेईपर्यंत मी तिथून हलले नाही.

कोरियन पासपोर्टवर आईवडिलांची नावं नसतात. पण व्हिसासाठी दिलेलं कौटुंबिक नात्याचं प्रमाणपत्र एचआरकडे होतं, ते मोबाइलवर मागवलं. २००८ मध्ये कुटुंबप्रमुखाच्या नावाची जुनी नोंदवही बंद झाली, तेव्हापासून तिथं हाच कागद चालतो. प्रशासनातले एक वयस्क काका चष्मा लावून बसले, मी ओळ न् ओळ वाचून दाखवली. शेवटच्या रकान्यात घराण्याचं मूळ गाव असतं: बापलेकापुढे मिर्यांग, आईपुढे ग्यंगजू. काकांनी विचारलं, "म्हणजे आपल्या गोत्रासारखं?" बरंचसं तसंच. एकच आडनाव आणि एकच मूळ गाव असलेल्यांना तिथं लग्न करता येत नसे. १९९७ मध्ये घटना न्यायालयाने ती बंदी घटनाबाह्य ठरवली आणि २००५ मध्ये ती कायद्यातूनही काढली. गोत्र म्हटल्यावर काकांना सगळं पटलं. त्यांनी सही घेतली.

सर्जन मात्र त्याआधीच येऊन सांगून गेले होते, "कागद येवो न येवो, मी पोराला आत घेतोय." पोराने आईचा हात कसा धरलाय, हे त्या मजल्यावर त्यांनी एकट्यानेच पाहिलं होतं.

ऑपरेशन नीट झालं. पहाटे चोईबाई मला म्हणाल्या, "माझी जाऊबाई आली असती तर?" मी गप्प बसले, कारण उत्तर मला माहीत होतं. त्यांच्या जाऊबाई इथल्याच, मराठी. लग्नानंतर त्यांनी पार्क लावलं आणि पासपोर्टही तसाच करून घेतला. त्या पोराच्या काकूची सही कोणी एक शब्द न विचारता घेतली असती.

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावायचं ठरलं. त्या हॉस्पिटलच्या फॉर्मवर अजून 'वडिलांचे/पतीचे नाव' एवढाच रकाना आहे. डिस्चार्ज कार्डावर नातेवाईक म्हणून 'मिसेस पार्क' छापून आलं. बिल बंद झाल्यावर नाव बदलता येत नाही म्हणतात. मी लेखी अर्ज दिला आहे, सोबत त्या प्रमाणपत्राचं मराठी भाषांतर जोडलंय, आणि दर सोमवारी फोन करते.