ओट्यावरच्या मुंग्या

तुळशीच्या लग्नाचा दिवस, रात्री साडेदहा

आज इन्शुलिनचा अकरावा दिवस. संध्याकाळी साडेसातला आमच्या कुत्रीला, चिंगीला, इंजेक्शन नानांनीच दिलं. मी नुसती तिच्या पाठीवर हात ठेवून बसले होते. त्यांनी मानेमागची कातडी चिमटीत धरून वर ओढली, खाली जो खोलगट तंबू होतो त्यात सुई घातली. तीन युनिट. जेवून बराच वेळ झाला होता, तरी रिकाम्या ताटलीतून चिंगीने तोंडसुद्धा वर केलं नाही. शेजारी मंगलाष्टकं चालू होती, फटाका वाजला तेव्हा मात्र दचकली.

पहिल्या दिवशी माझे हात इतके कापत होते की सुई कातडीच्या एका बाजूने आत जाऊन दुसरीकडून बाहेर आली आणि औषध सगळं केसांत गेलं. पुन्हा द्यायचं का, कळेना. जनावरांच्या डॉक्टर मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, ‘अजिबात नाही. किती आत गेलं ते माहीत नसताना दुसरं द्यायचं नाही. एक वेळ चुकली तर चालते, दुप्पट गेलं तर जीवावर बेतेल.’ ते वाक्य मी फ्रीजच्या दारावर चिकटवलंय.

मला राहून राहून वाटतं, दिवाळीआधी महिनाभर हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं. पाण्याचं भांडं दिवसातून तीनदा भरत होते. रात्री दोनला ती दार खरवडायची. कधीही घरात न करणारी चिंगी दोनदा सोफ्याजवळ करून बसली आणि मी तिला ओरडले. त्याची आज फार लाज वाटते. भूक तर वाढलेलीच होती, त्यामुळे तब्येत चांगली आहे असंच आम्ही धरून चाललो. स्पिट्झचे दाट केस, आत हाडं वर आलेली दिसणार कशी? आंघोळ घालताना ओल्या पाठीवरून हात फिरवला तेव्हा एकेक मणका बोटाला लागला. अकरा किलोची कुत्री सव्वानऊवर आली होती. आणि आम्ही सगळे म्हणत होतो, ‘नऊ वर्षांची झाली, वय झालं आता.’

शेवटी मुंग्यांनी सांगितलं. भाऊबीजेच्या सकाळी ओट्यावर, रात्री ती जिथे लघवीला बसली होती तिथे, काळ्या मुंग्यांची रांग लागली होती. नानांना स्वतःला वीस वर्षं साखर आहे. ते काठी टेकत खाली वाकले, बघितलं आणि म्हणाले, ‘अगं, हिला साखर आहे.’

मॅडमनी फोनवरच सांगितलं, येण्याआधी चोवीस तासांचं पाणी मोजा. दुधाच्या मापाने मोजलं, पावणेदोन लिटर भरलं. किलोमागे दिवसाला शंभर मिलीच्या वर पाणी जात असेल तर काहीतरी बिघडलंय असं समजायचं, म्हणजे हिच्यासाठी सव्वानऊशे मिली. दवाखान्यात त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘माजावर कधी आली होती?’ गणपतीत. ऑपरेशन केलेलं नाही. त्यांनी लगेच सोनोग्राफी केली, कारण माजानंतर गर्भाशयात पू झाला तरी कुत्री असंच भसाभसा पाणी पिते. तो नव्हता. मूत्रपिंडं ठीक होती. किडनीवरच्या ग्रंथी जास्त काम करायला लागल्या, ज्याला कुशिंग म्हणतात, तरी तहान आणि भूक अशीच वाढते, पण त्यात पोट सुटतं, केस विरळ होतात. हिचं तसं काही नव्हतं. रक्तातली साखर निघाली ४१२. लघवीत साखर होती, कीटोन, म्हणजे साखर वापरता येईना की शरीर चरबी जाळून जे बनवतं ते, नव्हते. त्या म्हणाल्या, कीटोन असते तर ॲडमिट करावं लागलं असतं.

माजानंतर शरीरात जे प्रोजेस्टेरॉन वाढतं ते इन्शुलिनला नीट काम करू देत नाही, म्हणून ऑपरेशन न केलेल्या मोठ्या वयाच्या कुत्र्यांमध्ये त्यानंतरच्या आठवड्यांत मधुमेह वर येतो. साखर जरा आटोक्यात आली की ऑपरेशन करून गर्भपिशवीबरोबर अंडाशयही काढायचेच, नाहीतर पुढच्या माजाला सगळं मुसळ केरात. आठ वर्षांपूर्वी आम्ही म्हणालो होतो, ‘कशाला बिचारीला कापाकापी!’

नानांचं म्हणणं होतं, मला गोळीवर भागतं तर तिलाही गोळीच द्या. मॅडमनी त्यांना समोर बसवून समजावलं की कुत्र्याच्या स्वादुपिंडात इन्शुलिन बनायचंच जवळजवळ थांबलेलं असतं, तिथे तुमच्या गोळ्या चालत नाहीत. नाना गप्प झाले. रोज सकाळी चहात बुडवलेलं बिस्किट तिला तेच भरवत होते. घरी येताना रिक्षात म्हणाले, ‘माझ्यामुळे झालं का गं हे?’ मी मॅडमना मुद्दाम पुन्हा फोन करून विचारलं आणि फोन स्पीकरवर ठेवला. बिस्किटामुळे नाही झालं, पण आता बिस्किट बंद, असं त्या स्पष्ट बोलल्या. दुसऱ्या दिवसापासून इंजेक्शनचं काम नानांनी आपल्याकडे घेतलं.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवतेच. औषधाच्या दुकानातल्या मुलाने सिरिंज नारिंगी टोपणाची दिली होती. आमची इन्शुलिनची बाटली चाळीसची, म्हणजे एका मिलीत चाळीस युनिट, तिला लाल टोपणाचीच लागते; नारिंगी शंभरच्या बाटलीची. नारिंगीत तीनच्या रेघेपर्यंत भरलं असतं तर जेमतेम सव्वा युनिट गेलं असतं. उलटं झालं, म्हणजे शंभरची बाटली आणि लाल टोपण, तर अडीचपट. नानांच्या नजरेला रंग पडला म्हणून बरं. बाटली हलवायची नाही, दोन्ही तळव्यांत हळूच घोळवायची, हेही त्यांनीच मला दाखवलं.

परवा सकाळी तिने खाल्लेलं ओकून टाकलं, पण इंजेक्शन आधीच गेलेलं होतं. दहाच्या सुमाराला पाय लटपटायला लागले, नजर कुठेतरी भलतीकडेच. साखर एकदम खाली गेली होती. बोटावर मध घेऊन हिरड्यांना चोळला, पुन्हा चोळला. दहा मिनिटांनी तिने माझं बोट चाटलं. मग थोडा थोडा भात-चिकन भरवला आणि तशीच दवाखान्यात घेऊन गेले. आता आधी जेवण, ते पोटात राहिलंय हे बघायचं, मगच सुई.

डोळ्यांचं भय आहे. अशा बऱ्याच कुत्र्यांना वर्षभरात मोतीबिंदू होतो म्हणे. मी रोज उजेडात धरून तिचे डोळे बघते. अजून काळेभोर आहेत.

पाणी आज आठशे मिली. उद्या तिला दिवसभर दवाखान्यात ठेवायचंय, दर दोन तासांनी साखर बघणार आहेत. तिचं जेवण घरचंच हवं, म्हणून दुपारचा डबा भरून ठेवलाय. नाना म्हणाले, मीही बसतो तिथे. त्यांच्या गोळ्या त्याच पिशवीत टाकल्यात.