तुम्ही विचारलंत म्हणून: प्रचारात मी कुठे होते

“अण्णा आमदारकीला उभे होते, तेव्हा बाई तुम्ही कुठंच दिसला नाहीत?”

लग्नात पंगतीला बसलं की विचारतात, बँकेत रांगेत विचारतात. एकदा दातांच्या डॉक्टरांनी माझं तोंड उघडं असतानाच विचारलं. विचारून झालं की माणसं जरा थांबतात. त्या थांबण्यात ‘पटत नाही वाटतं दोघांचं’ असतंच. निवडणूक 2024 च्या विधानसभेची. आमच्या ह्यांना तिकीट नाकारलं, हे अपक्ष उभे राहिले आणि पडले. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्यात कोण कुणाच्या आतून होतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. त्यात मी जात नाही.

उत्तर सोपं आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. आम्हाला 1967 चे वर्तणूक नियम लागू असतात. कुठल्याही उमेदवाराचा प्रचार करायचा नाही, मग तो नवरा का असेना. सरकारी नोकर उमेदवाराचा प्रतिनिधी म्हणून मतदान केंद्रावर बसला, तर लोकप्रतिनिधित्व कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. ज्या बायका नवऱ्याच्या जीपवर उभ्या राहून हात जोडत होत्या, त्यांच्या पगाराला कुणी हात लावणार नव्हतं. माझ्या पगारावर घराचा हप्ता जात होता.

आणि मी नियम पाळला तरी सुटले नाहीच. अर्ज भरायला निघताना मी ह्यांना उंबऱ्यात ओवाळलं, त्याचा कुणीतरी फोटो काढला. चार दिवसांत तक्रार गेली की शिक्षिका प्रचारात सहभागी आहे. मला लेखी खुलासा द्यावा लागला. “सदर छायाचित्रात मी पत्नी या नात्याने औक्षण करीत असून त्यावेळी शाळेस दिवाळीची सुट्टी होती,” असं मी माझ्या हातानं, सुवाच्य अक्षरात लिहिलं. इतकी वर्षं मुलांचे निबंध तपासले, पण असलं वाक्य कुणी लिहिलं नव्हतं.

उलट एक फायदा झाला. निवडणुकीची ड्युटी चुकवायला लोक खोटी मेडिकल सर्टिफिकेटं आणतात. मी तहसील कचेरीत ‘माझे पती उमेदवार आहेत’ असा अर्ज दिला आणि माझं नाव कटलं. क्लार्क म्हणाला, “मॅडम, हे बरं सापडलं तुम्हाला.” मत कुणाला दिलं, हेही काहीजण विचारतात. ते गुप्त असतं. एवढं नागरिकशास्त्र मी शिकवलेलं आहे.

झालं उत्तर. बहुतेकांना एवढं पुरतं. माझी जाऊ मात्र म्हणाली, “अगं ते नियमाचं राहू दे. नियम नसता तर फिरली असतीस?”

तिला उत्तर द्यायचं तर वसुबारसेच्या रात्रीबद्दल सांगावं लागेल. त्या वर्षी अर्जाची शेवटची तारीख 29 ऑक्टोबर, धनत्रयोदशीचा दिवस. आदल्या रात्री वकिलांकडचा मुलगा लॅपटॉप घेऊन सोप्यात बसला होता. उमेदवाराला नमुना 26 मध्ये प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. त्यात एक रकाना स्वतःचा, एक पत्नीचा, पुढे एकत्र कुटुंबाचा आणि अवलंबितांचा. एकही जागा कोरी सोडायची नाही, काही नसेल तर ‘निरंक’ लिहायचं. माझा पॅन नंबर, पाच वर्षांचं उत्पन्न, भविष्य निर्वाह निधी, घराचं कर्ज. मग सोनं. गंठण, पाटल्या, आईची बोरमाळ. सगळं ग्रॅममध्ये. तोळा ऐंशी हजारांच्या आसपास गेला होता, त्यामुळे किंमत वाचायला मोठी वाटायची. आठवड्याभरात ती शाळेच्या स्टाफरूमपर्यंत पोचली. आईनं बोरमाळ मला कुठल्या परिस्थितीत दिली हे कुणी विचारलं नाही, किती तोळ्यांची हे सगळ्यांनी विचारलं.

गंमत अशी की त्या कागदावर माझी सही कुठेच लागत नाही. माझी सगळी मिळकत शपथेवर सांगतात ते हे.

मुलगा मोठ्यानं वाचत होता, मी चुका तपासत होते. तपासायची सवयच. मालमत्ता संपली, देणी सुरू झाली. माझ्या रकान्यात घराचं कर्ज आणि पतसंस्थेचं. ह्यांच्या रकान्यात सोसायटीचं पीककर्ज, ट्रॅक्टरचा हप्ता आणि मग ‘हातउसने’. खाली सहा नावं. चौथं नाव माझ्या धाकट्या भावाचं. चार लाख.

मी त्या मुलाला म्हटलं, “परत वाच.” त्यानं परत वाचलं. हे बाहेर कुणाशी तरी फोनवर बोलत होते, अपक्षाच्या अर्जावर सह्या लागतात त्या दहा सूचकांपैकी एकजण फिरला होता. मी आत जाऊन चहा टाकला. त्या मुलाला बिचाऱ्याला काही कळलं नाही, तो साखर कमी म्हणाला.

पैसे कुठे गेले ते मला माहीतच होतं. पाच-सहा वर्षं रोज कुणाचं तरी लग्न, कुणाचा तरी दहावा, जत्रेतल्या कुस्त्यांची इनामं, गणपतीची वर्गणी, पोराच्या ॲडमिशनला कुणाची तरी मदत. निवडणूक आयोग विधानसभेच्या उमेदवाराला चाळीस लाखांची मर्यादा घालतो, ती अर्ज भरल्यापासून निकालापर्यंतची. त्याआधीची पाच वर्षं कुठल्याच रजिस्टरात येत नाहीत. ती भावाच्या उसाच्या बिलात येतात.

ह्यांच्याशी मी त्या रात्री भांडले नाही. दुसऱ्या दिवशी ओवाळलंही, फोटो आहेच.

भाऊबीज 3 नोव्हेंबरला होती आणि अर्ज मागे घ्यायची मुदत दुसऱ्या दिवशी दुपारी तीनपर्यंत. भाऊ आला. ओवाळून झाल्यावर मी विचारलं. तो म्हणाला, “ताई, दाजींनीच सांगू नको म्हटलं होतं. आणि तू काय नाही म्हणाली असतीस का?” संध्याकाळी वरून निरोप घेऊन दोन मोठी माणसं आली. त्यांनी महामंडळाचं गाजर दाखवलं, पुढच्या वेळचा शब्द दिला. उठताना मला म्हणाले, “वहिनी, तुम्हीच समजवा आता.” एरवी माझ्याकडे कुणी बघायचंसुद्धा नाही.

ती गेल्यावर हे स्वयंपाकघरात आले. मी भावासाठी शंकरपाळ्या डब्यात भरत होते. म्हणाले, “तुझं काय म्हणणं आहे? तू म्हणशील तसं.”

मी म्हटलं, “मी सरकारी नोकर आहे. मला काही म्हणता येत नाही.”

हे थोडा वेळ उभे राहिले आणि बाहेर गेले. अर्ज राहिला. शिलाई मशीन हे चिन्ह मिळालं. 23 नोव्हेंबरला दुपारपर्यंत सगळं आटोपलं. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशही पडली नाहीत, दहा हजारांची अनामत गेली. सगळ्या खर्चात तीच सर्वांत स्वस्त.

त्या वाक्याबद्दल माझं माझ्याशी अजून भांडण चालू आहे. कधी वाटतं, बरोबर बोलले. सहा जणांकडून उसने घेताना मला विचारलं नाही, आणि माघारीचं ओझं तेवढं माझ्या डोक्यावर? मी नको म्हटलं असतं तर आयुष्यभर ऐकलं असतं की बायकोनं पाय ओढला. लढा म्हटलं असतं तर ती अनामत माझ्या नावावर गेली असती. पण कधी वाटतं, हा माणूस त्या एका रात्री खरंच विचारत होता. त्याचा आवाज मला ओळखता येतो. आणि मी त्याला परिपत्रक वाचून दाखवलं. तेव्हाच्या मला विचारलं तर ती म्हणते, तुला आता सुचतंय, चार लाखांचा आकडा तुझ्या कानात तेव्हा ताजा होता. तिचंही खोटं नाही.

म्हणून जावेला मी सांगितलं, नियम नसता तर फिरले असते की नाही, माहीत नाही. तिला वाटलं मी टाळतेय.

2025 च्या मे महिन्यात मी निवृत्त झाले. जिल्हा परिषदेवर तेव्हा 2022 पासून प्रशासक होता, आता निवडणुका लागतील म्हणत होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गटांच्या, म्हणजे जिल्हा परिषदेच्या मतदारसंघांच्या, आरक्षणाची सोडत निघाली आणि आमचा गट महिलेसाठी राखीव झाला. लगेच कार्यकर्ते सोप्यात. “बाई, आता तुम्हीच उभ्या राहा, आता तर नियमबियम काही नाही.” हेही म्हणाले, “खरंच, आता काय अडचण आहे?”

मी म्हटलं, “उभी राहीन कदाचित. पण प्रतिज्ञापत्र मी करणार, आणि तुमचा रकाना मी भरणार. एकूण एक नावं लागतील.”

हे म्हणाले, “बघू.” यादी अजून आलेली नाही.