प्रवाळांची टाकी : आधी अल्कलिनिटी पाहावी

घरच्या टाकीत प्रवाळ वाढवताना बहुतेकांचे लक्ष कॅल्शियमच्या आकड्यावर असते, आणि प्रवाळांचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा असल्यामुळे ते स्वाभाविकही आहे. मला मात्र रोजच्या देखभालीत अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल शोषून घेण्याची, मुख्यतः त्यातल्या बायकार्बोनेटमुळे येणारी क्षमता, अधिक महत्त्वाची वाटते. सांगाडा घडवताना प्रवाळ पाण्यातले २० पीपीएम (दशलक्ष भागांत २० भाग) कॅल्शियम घेतात, तेव्हा अल्कलिनिटी सुमारे २.८ डीकेएचने (डीकेएच हे अल्कलिनिटी मोजण्याचे एकक) उतरते. कॅल्शियम ४२० वरून ४०० वर आल्याने काही बिघडत नाही, पण अल्कलिनिटी ८ वरून ५.२ वर आली तर प्रवाळांची वाढ खुंटते.

त्यामुळे अल्कलिनिटीची चाचणी ठरलेल्या वेळीच आणि सावकाश करावी. टाकीतल्या पाण्याची नळी पांढऱ्या कागदासमोर धरून चाचणीच्या द्रावणाच्या प्रत्येक थेंबानंतर हलवावी आणि बदललेला रंग टिकतो आहे याची खात्री झाल्यावरच आकडा लिहावा. समुद्रात अल्कलिनिटी ७ डीकेएचच्या आसपास असते. टाकीत ७ ते ९ यांपैकी कोणतीही पातळी चालते, मात्र एकदा निवडलेली पातळी सोडू नये. ती घसरलेली आढळली, तरी एका दिवसात भरून काढण्याचा मोह टाळावा. दिवसाला अर्धा डीकेएच पुरे. नायट्रेट आणि फॉस्फेट जवळजवळ शून्य असताना अल्कलिनिटी चढवली, तर अ‍ॅक्रोपोरासारख्या प्रवाळांच्या फांद्यांच्या टोकांवरची त्वचा जाते आणि पांढरा सांगाडा उघडा पडतो. मुळात शून्य नायट्रेट हे ध्येयच नव्हे, कारण प्रवाळांच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालालाही नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतात.

कॅल्शियम आणि अल्कलिनिटी भरून काढणाऱ्या द्रावणांची नियमित मात्रा देऊनही हे दोन्ही आकडे टिकत नसतील, तर मॅग्नेशियम तपासावे. ते १,३०० पीपीएमच्या बरेच खाली गेले, की कॅल्शियम कार्बोनेट प्रवाळांना मिळण्याऐवजी हीटरवर आणि पंपात पुटासारखे साचू लागते.

बाष्पीभवनाने फक्त पाणी उडते, मीठ मागे राहते. म्हणून रोजची भर खाऱ्या पाण्याची न घालता आरओ-डीआयच्या (गाळून क्षार काढून टाकलेल्या) गोड्या पाण्याची घालावी आणि लवणता ३५ पीपीटीवर (हजार भागांत ३५ भाग मीठ) राखावी. पीएच रात्री थोडा उतरतोच. तो दिवसाही कमी राहत असेल, तर बंद खोलीत कार्बन डायऑक्साइड साचला असण्याची शक्यता मोठी असते, तेव्हा पीएच चढवणारे बफर द्रावण ओतण्यापूर्वी खिडकी उघडून पाहावी.